आहेर, वशिला आणि लाच

आपल्या जुन्या घरांत एक वाक्य मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते : "आमच्या घराण्यात कोणी लाच दिली नाही, कोणी घेतली नाही." बडोदे असो, इंदूर असो की ग्वाल्हेर, संस्थानी नोकरीच्या निमित्ताने इकडे येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांच्या बैठकीत हे वाक्य ऐकले नाही असा मनुष्य विरळा. बहुतेक घरांपुरते ते खरेही आहे. परंतु त्याच बैठकीत थोड्या वेळाने दुसरे एक वाक्य कानी पडते. नातवाच्या प्रवेशाचे अडले होते, अमुक साहेबांना एक फोन केला आणि काम झाले; आत्याबाईंच्या निवृत्तिवेतनाचा कागद सहा महिने हलत नव्हता, वरच्या कचेरीत आपल्यातलेच कोणी निघाले आणि आठवड्याच्या आत हलला. हे दुसरे वाक्यही पहिल्याइतक्याच समाधानाने सांगितले जाते. या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, अशी शंका सांगणाऱ्यास येत नाही आणि ऐकणाऱ्यासही येत नाही. आम्हांला ती येते, आणि ती घरातल्या घरात, म्हणजे या पानांवर, मांडणे बरे.

भेट कोठे संपते आणि लाच कोठे सुरू होते हे सांगणे फार कठीण, असे म्हणण्याची आता पद्धत पडली आहे. आमच्या मते हे कठीणपण बरेचसे सोयीचे आहे. भेट आणि लाच यांतला फरक आपल्या आज्यांना बिनचूक ठाऊक होता. सीमा आखायची राहिली ती तिसऱ्याच प्रकाराभोवती. मेहेरबानी, ओळख, शब्द टाकणे, शब्द राखणे अशी त्याची सभ्य नावे आहेत. नेमके नाव वशिला. लाचखोराला आपण दारात उभा करीत नाही. वशिल्याला मात्र दिवाणखान्यात लोड देतो.

आधी देण्याघेण्याचे पाहू. देण्यासाठी मराठीत एकच शब्द पुरत नाही, आणि हे भाषेचे मोठेच शहाणपण आहे. लग्नात देतात तो आहेर, सवाष्णीला भरतात ती ओटी, संक्रांतीला लुटतात ते वाण, भावाने घालायची ती ओवाळणी, भटजींची ती दक्षिणा, नोकराचाकरांची दिवाळीची ती पोस्त. यांपैकी प्रत्येकाला स्वतःची वेळ आहे, देणारा-घेणारा ठरलेला आहे, आणि परतफेडीची रीतही ठरलेली आहे. संक्रांतीचे वाण चैत्रात नेऊन दिले तर घेणारी बाई दारातच विचारील की हे काय. वेळ चुकलेल्या देण्याचा संशय यावा, अशी सोय रूढीनेच करून ठेवली होती.

जुन्या पेट्यांतून आहेराच्या वह्या अजून निघतात. कोणी काय दिले, रोख किती, लुगडे की खण, सारे ओळीने लिहिलेले. आजच्या मुलांना त्या वह्या पाहून हसू येते. प्रेमाचा हिशेब कसला ठेवता, असे ती विचारतात. पण त्या वहीचे मर्म असे की ती मांडवात, चारचौघांदेखत लिहिली जाई, आणि देणाऱ्याच्या घरी कार्य निघाले की तीच उघडून त्याच्या तोलाचा आहेर केला जाई. घेतलेले फेडायचे ते आपल्या गाठीचे, आणि ज्याचे घेतले त्याच्या घरच्या कार्यात. आता अधिकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात कंत्राटदाराने दिलेले पाकीट घ्या. ते वहीत लिहिले जाते काय? समजा, घालमेल करीत लिहिले. पुढे कंत्राटदाराच्या मुलीचे लग्न निघाले तेव्हा त्या अधिकाऱ्याने तेवढीच रक्कम आपल्या पगारातून काढून दिली काय? दिली असेल तर आम्ही त्याला आहेर म्हणू, आणि हा लेख मागे घेऊ.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी हा प्रश्न भावनेवर सोडला नव्हता. नारदस्मृतीत दिलेल्या वस्तूच्या व्यवहारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. खरोखर 'दिले' असे केव्हा समजावे, याचे तेथे सात प्रकार सांगितले आहेत. मालाची किंमत, मजुरी, संतोषाने दिलेले, स्नेहाने दिलेले, प्रत्युपकार म्हणून दिलेले, स्त्रीशुल्क आणि अनुग्रहासाठी दिलेले, असे ते सात. त्यानंतर सोळा प्रकारच्या देण्यांची यादी येते. ही देणी हातावेगळी झालेली असूनही कायद्याच्या दृष्टीने 'न दिलेली' होत. भयाने दिलेले, क्रोधाच्या भरात दिलेले, थट्टेत दिलेले, फसवणुकीने घेतलेले, लहान मुलाने दिलेले, नशेत दिलेले. आणि याच यादीत उत्कोच, म्हणजे लाच. 'हा माझे अमुक काम करील' या आशेने दिलेलेही तेथेच आहे. याज्ञवल्क्याने तर लाचेवर जगणाऱ्यांचे द्रव्य काढून घेऊन त्यांना देशाबाहेर घालवावे असे सांगितले आहे. आम्हांला नारदाची युक्ती अधिक खोल वाटते. त्याने लाचेला मोठ्या पापाचे नाव देऊन सोडून दिले नाही. ते देणे झालेलेच नाही, असा निकाल दिला. भीतीने दिलेले आणि लाच म्हणून दिलेले ही एका पंक्तीत बसवली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट या यादीतून निघते. उपकाराची फेड नारदाने वैध देण्यात घातली आहे. ज्याने आपल्यावर उपकार केला त्याला काही द्यावे, यात वावगे काहीच नाही. परंतु ही फेड देणाऱ्याने स्वतःच्या मालकीच्या वस्तूतून करायची, हे त्यात गृहीत आहे. दुसऱ्याची गाय दान केल्याने पुण्य लागत नाही, हे पोरालाही कळते. हा धागा वाचकांनी धरून ठेवावा, कारण आमचे सारे म्हणणे त्यालाच बांधलेले आहे : दिलेली वस्तू देणाऱ्याची होती काय?

आता आपल्या पूर्वजांकडे यावे लागेल, आणि येथे काही वाचकांच्या भुवया चढतील. फडणीस, चिटणीस, पोतनीस, कारखानीस, दफ्तरदार, मुजुमदार ही आपली आडनावे एके काळची पदे आहेत. त्या पदांवरच्या लोकांचा व्यवहार कसा होता, याची एक नोंद माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशवाई बुडाल्यावर, 1819 सालच्या अहवालात करून ठेवली आहे. मामलेदार रयतेकडून सरकारी वसुलीखेरीज एक रक्कम गोळा करीत. तिला दरबारखर्च किंवा अंतस्थ म्हणत. हुजूरचे कारभारी आणि हिशेब तपासणारे यांना गुपचूप देण्यासाठी ती असे. पुढे हळूहळू हे गुप्त देणे ठरावीक झाले, नेमणुकीसारखे झाले, इतर खर्चाबरोबर उघड हिशेबात लिहिले जाऊ लागले. मग काय झाले? लाच बंद झाली का? अंतस्थ रक्कम हिशेबात आल्यामुळे आता तपासनिसांना नव्याने काही द्यावे लागू लागले, आणि त्यासाठी रयतेवर नवी जादा वसुली बसली. असल्या नाजूक रकमा कोणी बारकाईने तपासत नसल्याने मामलेदार वर देई त्याहून जास्त स्वतःसाठी ठेवी. एल्फिन्स्टन जेत्यांच्या बाजूचा होता, त्याला पेशवाईचे दोष दाखवण्यात रस होता, हे मान्य. पण ही नोंद वाचून ज्याला आजची एखादी कचेरी आठवत नाही, तो भाग्यवान म्हणायचा.

या नोंदीत एक क्रम दडलेला आहे. आरंभी कोणीतरी खूश होऊन दिले. मग देण्याची अपेक्षा उत्पन्न झाली. अपेक्षेचा दर ठरला. दर ठरल्यावर तो कामाचाच भाग समजला गेला, आणि काम लवकर व्हावे म्हणून दराच्या वर पुन्हा काही द्यावे लागले. अंतस्थ या शब्दाचा अर्थच आतले, झाकलेले. तो शब्द उघड खतावणीत जाऊन बसला तरी कोणाला त्याचे नवल वाटले नाही.

आमच्या बडोद्याने तर या विषयात इंग्रजी राज्याच्या दफ्तराला एक मराठी शब्दच बहाल केला. तो शब्द 'खटपट'. एरवी हा किती निरुपद्रवी शब्द! घर बांधायची खटपट, मुलीच्या लग्नाची खटपट. पण 1851 साली बडोद्याचा रेसिडेंट जेम्स औट्रॅम याने मुंबई सरकारला जो प्रसिद्ध अहवाल पाठवला, त्यात खटपट म्हणजे पैसा आणि वजन वापरून सरकारदरबारी निर्णय फिरवून घेण्याचा उद्योग. मुंबईत योग्य ठिकाणी पैसे पेरले की रेसिडेंटाचाही निकाल उलटवता येतो, असा समज बडोद्याच्या दरबारात, सावकारांत आणि सामान्य लोकांत दृढ झाला आहे, अशी त्याची तक्रार होती. हा अहवाल मुंबईकरांना इतका झोंबला की औट्रॅमलाच बडोदे सोडावे लागले. 1854 साली तो थोड्या काळासाठी परत आला, हा भाग निराळा.

खटपटीत पैसा खरोखर वरच्या साहेबापर्यंत पोचतच असे, असे नाही. मधला माणूस 'माझी तेथे ओळख आहे' एवढेच विके. म्हणजे लाचेचा बाजार भरला तो ओळखीच्या पालाखाली. पुढे मल्हारराव महाराजांच्या कारकिर्दीत नजराण्यांचा जो सुळसुळाट झाला, तो त्यांच्यावरील तक्रारींचा एक भाग ठरला. 1874 साली दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले तेव्हा न्यायाच्या आणि अधिकाराच्या बदल्यात नजराणा घेण्याच्या चालीशी त्यांना झगडावे लागले, आणि काही महिन्यांतच ते पद सोडून गेले. 1875 साली मल्हारराव पदच्युत झाले. सयाजीरावांच्या काळात नियमांनी चालणाऱ्या पगारी कारभाराची घडी बसली, आणि आपल्या आजोबा-पणजोबांचा निष्कलंक नोकरीचा अभिमान मुख्यतः त्या घडीतून आलेला आहे. तो अभिमान खोटा नाही. मात्र त्यामागे रक्तातला सद्गुण किती आणि वेळेवर मिळणारा पगार व लिहिलेला नियम किती, याचा विचार आम्ही अभिमानाच्या भरात करीत नाही.

कायद्याने हा प्रश्न बराच आधी पकडला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरांनी नबाबांकडून भेटी घेऊ नयेत असे 1773 च्या रेग्युलेटिंग ॲक्टात आले, कारण त्या 'भेटीं'वर कित्येक इंग्रज कोट्यधीश होऊन मायदेशी परतले होते. 1860 च्या दंडसंहितेत, पुढे 1947 व 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत हेच सूत्र चालत आले. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी 1964 साली जे वर्तणुकीचे नियम झाले, त्यांतला तेरावा नियम तर आपल्या आज्यांनी लिहिला असावा असे वाटते. लग्न, वाढदिवस, अंत्यविधी, धर्मकृत्य अशा प्रसंगी रूढीला धरून जवळच्या नातलगाकडून आणि कचेरीचा संबंध नसलेल्या मित्राकडून भेट घेता येते. रक्कम मोठी असेल तर सरकारला कळवायचे. सहज कोणाकडे जेवलो, सहज कोणाच्या गाडीतून गेलो, तर ती भेट धरू नये. पण ज्याचे काम आपल्या टेबलावर आहे त्याचा वारंवार किंवा थाटाचा पाहुणचार टाळावा. वेळ, नाते आणि टेबल, या तीन गोष्टी पाहिल्या की नव्वद प्रकरणांचा निकाल लागतो.

राहिलेल्या दहांसाठी आमची एक घरगुती कसोटी आहे. निवृत्तीनंतरची पहिली दिवाळी पाहावी. खुर्चीवर असताना ज्या घरी सुक्या मेव्याचे डबे ठेवायला जागा पुरत नसे, त्या घरी त्या वर्षी जे दोन-चार डबे येतात ते भेटीचे. बाकीचे खुर्चीला येत होते, आणि आता नव्या साहेबांच्या घरी जात आहेत. अनेक सज्जन अधिकाऱ्यांना हा धक्का मनापासून लागतो, कारण डबे आपल्या स्वभावाला येतात असे त्यांना खरोखरच वाटत असते.

लहानसहान देण्यांवर आम्ही उगाच कडक होऊ इच्छीत नाही. पोस्टमनला दिवाळीची पोस्त देणे काही कर्मठांना आता लाच वाटते. नियमाचे पुस्तक उघडले तर कदाचित त्यांचे म्हणणे निघेलही. पण गल्लीतली सगळी घरे वर्षातून एकदा, सणाला, साधारण सारखीच रक्कम देतात, आणि न देणाऱ्या घराचीही पत्रे वेळेवरच येतात, तोवर ती पोस्तच आहे. न देणाऱ्याचे पत्र ज्या दिवशी मुद्दाम उशिरा येईल, त्या दिवशी बाकीच्या सर्व घरांची पोस्त एका रात्रीत लाच होईल. त्यांच्या मनात काही पाप नव्हते, हे खरे असूनही होईल.

प्रसूतिगृहातली 'खुशी' पाहा. मूल झाले, घरात आनंद झाला, रात्रभर जागलेल्या आयाबाईच्या हातावर आजीने नोट ठेवली. यापेक्षा निर्मळ देणे कोणते? पण कित्येक दवाखान्यांत आज काय चालते, हे ज्यांच्या घरी अलीकडे पाळणा हलला त्यांना ठाऊक आहे. बाळ बापाच्या हाती देण्याआधी खुशी मागितली जाते. मुलाची खुशी जास्त, मुलीची कमी, असा दर असतो. आणि ज्याच्याजवळ नाही त्याला व्हरांड्यात तिष्ठत ठेवले जाते. ही आयाबाई मुळात दुष्ट आहे असे आम्हांला वाटत नाही. बहुधा ती कंत्राटावर, तुटपुंज्या पगारात राबते आहे. पण या दराचा पाया कोणी घातला? 'होऊ दे खर्च' म्हणत मोठी नोट काढणाऱ्या खात्यापित्या घरांनी. त्यांच्या उत्साहाची पावती मागून आलेल्या रिक्षावाल्याच्या नावे फाटली. 'काम झाल्यावर दिले तर ती लाच नव्हे' ही लोकप्रिय कसोटी येथे फसते. आमच्यापुरते काम झालेले असते, मागच्याचे व्हायचे असते. एल्फिन्स्टनच्या नोंदीतला क्रम प्रत्येक व्हरांड्यात नव्याने चालू होतो.

डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून मिळणाऱ्या भेटवस्तू आणि सहली यांचेही तसेच. वैद्यकीय परिषदेच्या नियमांनी त्या निषिद्ध असूनही कंपन्या त्यांचा खर्च प्राप्तिकरात वजा मागत असत. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने ही वजावट नाकारली, आणि या फुकट भेटींचा भार शेवटी औषधाच्या किमतीतून रोग्यावरच पडतो, हेही सांगितले. देणारा हसला, घेणारा हसला, पैसे तिसऱ्याने भरले.

हा तिसरा मनुष्य डोळ्यांपुढे ठेवून आता वशिल्याकडे वळतो.

वशिल्याचे समर्थन असे केले जाते : यात पैशाची देवघेव नाही, कोणाचे नुकसान नाही, एका भल्या माणसाने दुसऱ्या भल्या माणसाचे काम केले. गुजराती शेजारी थट्टेने म्हणतात की ओळखाण ही सगळ्यांत मोठी खाण आहे. पण खाणीतून काढलेली वस्तू कोणाच्या मालकीची? प्रवेशाची जागा, रुग्णालयातली खाट, रेल्वेतली राखीव शायिका, फायलींच्या गठ्ठ्यातला वरचा क्रमांक. यांतले काहीच त्या भल्या माणसाचे नव्हते. त्याने उदारपणे दिली ती मागच्या कोणाची तरी पाळी. लाचखोर आपली नसलेली वस्तू विकतो, वशिल्याचा साहेब तीच वस्तू फुकट वाटतो, आणि आपण एकाला चोर व दुसऱ्याला देवमाणूस म्हणतो. मागे ढकलल्या गेलेल्या मनुष्याच्या दृष्टीने या दोघांत काय अंतर आहे, हे आम्हांस कोणी समजावून सांगावे.

उलट एका बाबतीत वशिला अधिक अन्यायाचा आहे. लाच निदान कोणालाही देता येते. ज्याचा काका सचिवालयात नाही, ज्याचा आजोबा कोणा सरदाराचा कारभारी नव्हता, ज्याचे आडनाव ऐकून साहेब 'बसा' म्हणत नाही, त्याच्याजवळ चारशे रुपयांखेरीज काही नसते. तो ते देतो. त्या नोटेने तो आपल्याला पिढ्यांमागून मिळालेली वस्तू एका दिवसापुरती विकत घेत असतो. आणि मग आपण दिवाणखान्यात बसून म्हणतो की या लोकांनी लाच देऊन देऊन कचेऱ्या बिघडवल्या.

कायदाही येथे गरिबावरच जड आहे. 2018 च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरला. नाइलाजाने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार नोंदवावी, म्हणजे सुटका. सात दिवसांत पोलिसांकडे जाऊन साहेबाविरुद्ध तक्रार नोंदवणारा हातगाडीवाला आम्ही अजून पाहिलेला नाही. मोबदल्याविना केलेला एक फोन मात्र कोणत्याही कलमात बसत नाही. तो बसवावा, असेही आमचे म्हणणे नाही. माणसांच्या बोलण्यावर पोलीस बसवून काही साधणार नाही. पण कलमात बसत नाही म्हणून ते स्वच्छ, असे मानायला आपण काही वकील नव्हे.

यावर कोणी विचारील, मग माणसाने माणसाला मदतच करायची नाही काय? करायची, आणि पुष्कळ करायची. निवृत्तिवेतनाचा अर्ज कोणत्या खिडकीवर जातो ते सांगावे, हयातीचा दाखला काढण्यासाठी म्हातारीबरोबर जावे, अर्जातली चूक दाखवावी, लिहून द्यावा, उत्तर आले नाही तर स्मरणपत्र टाकावे. या मदतीत आपला वेळ, आपले ज्ञान, आपले पाय खर्ची पडतात. हे सारे आपल्या मालकीचे असते, आणि रांगेतला कोणी एक पाऊलही मागे सरकत नाही. तिला मदत म्हणावे. वशिल्यात या कष्टांपैकी एकही पडत नाही, म्हणून तर तो इतका लोकप्रिय आहे.

आणि त्याची सर्वांत मोठी हानी आमच्या मते वेगळीच आहे. मध्य प्रदेशाने 2010 साली लोकसेवा हमीचा कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातले पहिले राज्य. कोणता दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे हे त्यात ठरले, आणि विलंब करणाऱ्यास दंडही. गुजरातेत 2013 साली, महाराष्ट्रात 2015 साली असे कायदे झाले. माहितीचा अधिकार तर 2005 पासून आहे. ही हत्यारे वापरायची कोणी? इंदूरच्या जुन्या वाड्यातले निवृत्त प्राध्यापक मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत मुद्देसूद अर्ज लिहू शकतात. त्यांना वेळ आहे, कायदा समजतो, त्यांच्या सहीला थोडे वजन आहे. एक प्राध्यापक खिडकीवर अडकून पडले असते आणि त्यांनी नियमाप्रमाणे तक्रार केली असती, तर कदाचित ती खिडकी सर्वांसाठी सुधारली असती. पण त्यांनी फोन केला. त्यांचे काम पंधरा मिनिटांत झाले, चहासुद्धा मिळाला, आणि खिडकी होती तशी राहिली. रांगेतून तक्रार करण्याची पात्रता असलेला मनुष्य नेमका उचलून आत नेला जातो. बाहेर उरतात ते ज्यांना अर्ज लिहिता येत नाही. लाचखाऊ कारकुनाला यापेक्षा मोठे संरक्षण कोणते हवे?

हे सारे सांगण्याची घाई अशासाठी की आपली खाण आता संपत आली आहे. पूर्वी कचेरीत गेले की निदान एक तरी मराठी आडनाव खुर्चीवर दिसे. आज आपली मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला. वाड्यात उरले ते म्हातारे आईबाप. त्यांना घराच्या नोंदीवर वारसाचे नाव चढवायचे असते, आणि खुर्चीवर ओळखीचे कोणी नसते. ते बापडे प्रथमच रांगेत उभे राहतात. दोन फेऱ्या झाल्यावर दलालाचा पत्ता विचारतात. ज्यांनी आयुष्यभर "आम्ही लाच दिली नाही" म्हटले, त्यांच्या हातून सत्तराव्या वर्षी पाकीट जाते, आणि त्याची त्यांना जी लाज वाटते ती पाहवत नाही. त्यांची ती लाज आम्हांला आदरणीय वाटते. फोन करताना मात्र तिच्या शतांशानेही वाटली नव्हती.

शेवटी आपल्या मंडळांकडे, कारण सरकारला नावे ठेवणे सोपे असते. गावोगावच्या आपल्या जुन्या संस्थांपाशी सभागृह आहे, लग्नसराईत त्याच्या तारखांवर उड्या पडतात. काहींपाशी विद्यार्थ्यांसाठी देणगीदारांनी ठेवलेल्या रकमा आहेत. या तारखा आणि या रकमा कार्यकारिणीच्या खाजगी मालकीच्या नाहीत. तरीही "अण्णांच्या पुतणीचे लग्न आहे, ती तारीख जरा राखून ठेवा" असे सहज म्हटले जाते, आणि सहज ऐकलेही जाते. आधी चौकशी करून गेलेल्या कुटुंबाला 'तारीख गेली' असे कळवण्यात येते. ते कुटुंब बहुधा नव्याने आलेले, कारखान्यात नोकरी करणारे, मंडळात कोणाला न ओळखणारे असते. पुढे आपणच तक्रार करतो की नवी मराठी माणसे मंडळात येत नाहीत.

याबाबत आम्ही आमच्या संस्थेस तीन सूचना लेखी दिल्या आहेत. सभागृहाच्या नोंदणीची वही, चौकशीच्या तारखेसह, कार्यालयात कोणाही सभासदास पाहता येईल अशी ठेवावी. विद्यार्थी साहाय्याचे अर्ज वाचताना ज्या सदस्याचा नातलग अर्जदार असेल त्याने त्या बैठकीतून उठून जावे, आणि तो उठला याची नोंद इतिवृत्तात व्हावी. मंडळाकडून काम घेणाऱ्या मंडपवाल्याने व आचाऱ्याने पदाधिकाऱ्यांच्या घरी दिवाळीला पाठवलेले डबे परत न करता गणेशोत्सवाच्या कोठीत जमा करावेत. तिसऱ्या सूचनेवर एका ज्येष्ठ सभासदांनी, डबे तोवर टिकणार नाहीत, अशी रास्त हरकत घेतली आहे. तिचा विचार वार्षिक सभेत व्हावा.